सापडलेल्या वस्तूंचे अर्थ

सापडलेल्या वस्तूंची खिडकी,
बस डेपो
६ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. चार वेळा वाचलं. आधी उभ्याने, मग बसून, मग आईला मोठ्याने, आणि मग पुन्हा एकट्याने, कारण आईला वाचून दाखवताना मी मधला एक अख्खा परिच्छेद गाळला होता. एकवीस फेब्रुवारीला तपासणी समिती तुझ्या वर्गात येऊन बसणार, पाठ पसंत पडला तर तू तीन वर्षांनी एकदाची कायम होणार, नाही पडला तर जूनपासून तुझ्या खुर्चीत दुसरं कुणीतरी. हे आईला कसं वाचून दाखवायचं? मी तिला एवढंच सांगितलं की शाळेत पाहुणे येणार आहेत. तिने विचारलं, जेवायला का. मी हो म्हणून बसलो. आता ती तुला स्वयंपाकाच्या सूचना लिहील, तेवढं सांभाळून घे.

तुझ्या इंग्रजीच्या पाठाचा विषय समितीनेच दिला आहे, आणि तो नेमका प्रतीकांचा आहे. या विषयाची धास्ती माझी तुझ्यापेक्षा जुनी आहे. नववीत ज्या इंग्रजीच्या पेपरात मी आपटलो आणि ज्यानंतर शाळेची पायरी चढलो नाही, त्यात हाच प्रश्न होता. कवितेतल्या बंद दाराचा अर्थ काय, असं विचारलं होतं. मी लिहिलं, दार बंद आहे. सरांनी शून्य दिलं. इतकी वर्षं झाली, मला त्या उत्तरात अजून चूक सापडत नाही.

इथे मात्र तसंच उत्तर द्यावं लागतं. आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापलंच आहे की जे दिसते तेच लिहावे, तर्क करू नये. गाडीत विसरलेली वस्तू कंडक्टर आणून देतो, मी नोंद लिहितो, तो ती वाचून खाली सही करतो, आणि वस्तू नव्वद दिवस फळीवर राहते. तू लिहितेस की तुझं मन कशात लागत नाही, तेव्हा करमणूक म्हणून गेल्या आठवड्यातल्या काही नोंदी जशाच्या तशा उतरवून देतो.

छत्री, काळी, एक काडी मोडकी. मार्ग बारा, मागचं बाक.
चष्म्याचं घर, तपकिरी, रिकामं. मार्ग तीन.
बूट, लहान मुलाचा, काळा, डाव्या पायाचा. मार्ग नऊ.
थर्मासचं झाकण, निळं, आतल्या कडेला चहाचा डाग. मार्ग सात, तिसऱ्या बाकाखाली. ते काढण्यासाठी कंडक्टरबाईंना गुडघ्यावर बसावं लागलं. झाकण त्यांनी आधी झटकलं, मग पुसलं, मग उजेडात धरून चीर गेली आहे का ते पाहिलं. चीर नाही. खिडकीत ठेवताना आवाज होऊ दिला नाही. बाहेर ऊन होतं.

साहेबांनी विचारलं की रजिस्टरमध्ये ऊन कशाला. मी म्हणालो, दिसत होतं.

तब्येतीला जप. चहा कमी कर. तुझा लोभ माझ्याकडे जमा आहे. तो नव्वद दिवसांनीही मी फळीवरून काढणार नाही.

तुझा,
धाकटा


शिक्षक-खोली
१३ जानेवारी

चि. फूटपट्टीस,
ताईचे अ. आ. आणि एक चापट.

चापट पाहुण्यांच्या थापेबद्दल. आईचं पत्र आलं. चाळीस माणसं असतील तर आचारी लाव, एकटीने ओट्यापाशी उभी राहू नकोस, कंबर धरेल, असं तिने बजावलं आहे. पुढच्या वेळी तिला सगळं वाच. फूटपट्टीसारखा सरळ तू, तुझ्याच्याने खोटं बोलवत नाही आणि खरं गाळवतही नाही, मग मध्ये लोंबकळतोस कशाला?

आता माझं रडगाणं ऐक. नववी ‘ब’मध्ये चाळीस डोकी आहेत आणि सगळ्यांत मिळून एकच गाइड भरलेलं आहे. पक्षी दिसला की स्वातंत्र्य, नदी दिसली की आयुष्य, अंधार पडला की दुःख. परवा मी त्यांना मुद्दाम एका कावळ्याची कविता दिली. कावळा कुंपणावर बसून पाव खातो, बाकी काही करत नाही. चाळीसपैकी सदतीस जणांनी स्वातंत्र्य लिहिलं. एकाने लिहिलं की कवीला कशाचं तरी दुःख आहे, पण ते आमच्या गाइडात नाही. समितीने तर आधीच कळवलं आहे की पाठ केलेली उत्तरं चालणार नाहीत. दोन रात्री मला झोप नाही.

आणि तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी काय केलं ते सांगते, रागावू नकोस. तुझी यादी सोप्या इंग्रजीत करून फळ्यावर लिहिली. या वस्तू गाडीत सापडल्या, एवढंच सांगितलं. बुटावरून वर्गात जवळजवळ मारामारी झाली. मॉनिटर म्हणाली, मूल मोठं झालं, बालपण मागे राहिलं. दुसरीने तिला झापलं की बूट पायात असताना कुणी मोठं होत नाही, त्याची आई गाडी पकडायला धावली असणार. शेवटच्या बाकावरच्या लंबूने, जो एरवी फक्त घंटेची वाट बघतो, ठामपणे सांगितलं की कार्ट्याने तो मुद्दाम फेकला. घंटा झाली आणि कुणी उठलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी त्यांना सांगितलं की पुरावा मजकुरातला हवा, मनातला नको. आणि एक ओळ फळ्यावर लिहून दिली, ती तुलाही सांगते. वस्तू वस्तूच राहते, दार दारच राहतं, फक्त लिहिणारा त्याच्याकडे वाजवीपेक्षा जास्त वेळ बघतो. जिथे तो रेंगाळतो तिथे शोधा. तेव्हा तुझं दार बंद आहे हे उत्तर चूक नव्हतं रे, अर्धं होतं. सरांनी निम्मे गुण द्यायला हवे होते.

आणखी नोंदी पाठव. जितक्या असतील तितक्या. माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे.

तू सुखी राहा, आणि माझ्यावरची माया अशीच नोंदवत राहा.

तुझी,
ताई


खिडकी, डेपो
२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू माझं पत्र वर्गात वाचलंस हे कळल्यावर मी पहिलं काम केलं ते साहेबांसमोर जाऊन उभं राहण्याचं. सरकारी नोंद बाहेर गेली, शिक्षा काय ती द्या, असं म्हणालो. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, त्या बुटाबद्दल पोरं काय म्हणाली. मी तिन्ही मतं सांगितली. साहेब मॉनिटरच्या बाजूचे निघाले. फाटकावरचा पहारेकरी धावणाऱ्या आईच्या बाजूचा आहे. दिवसभर डेपोत दुसरा विषय नव्हता. शेवटी साहेबांनी सांगितलं की कुणाचं नाव-पत्ता जाऊ देऊ नकोस, बाकी खुशाल पाठव.

दुसऱ्याच दिवशी बुटाची मालकीण आली, म्हणजे त्या मुलाची आई. तिने सांगितलं की हा त्याचा या वर्षातला तिसरा बूट. खिडकीतून फेकायचा होता, गजाला आपटून आत पडला. लंबूला माझ्यातर्फे शाबासकी दे. बाकीच्यांना सांग की मी त्यांच्या मतांचा आदर करतो, पण बूट फेकलेला होता.

नव्या नोंदी देतो. बाकीचे कंडक्टर वस्तू फाटकाजवळच्या पेटीत टाकून जातात आणि आठवड्यातून एकदा येऊन सगळ्या सह्या एकदम करतात, म्हणून त्यांच्या नोंदींत फार तपशील नसतो. सात नंबरच्या बाई तेवढ्या स्वतः खिडकीशी येतात.

पिशवी, कापडी, आत दुसरी पिशवी. मार्ग पाच.
काठी, वेताची. मार्ग बारा. (काठी विसरून माणूस उतरून कसा गेला, हा तर्क होईल, म्हणून लिहिलेला नाही.)
शिट्टी, पत्र्याची, वाजते. मार्ग तीन.
हातमोजा, लोकरी, राखाडी, उजव्या हाताचा, करंगळीची वीण उसवलेली. मार्ग सात. बाईंनी तो आपल्या तळव्यावर धरून पाहिला, घातला नाही. त्यांच्या बोटांपेक्षा दोन पेरं लांब भरला. सही करताना पेन डाव्या हातात घेतलं, कारण उजव्या हातात तिकिटाचं यंत्र होतं. तरी सही सरळ आली. शेवटच्या अक्षराखाली त्या एक छोटी रेघ ओढतात. रेघ पूर्वी नव्हती, नोव्हेंबरपासून आहे.

एवढ्याने पाठ होईल ना? कमी पडलं तर जुनं रजिस्टर काढतो. मला रात्री स्वप्न पडलं की समितीने मलाच बंद दाराचा अर्थ विचारला. मी पुन्हा तेच लिहिलं.

आईचा आशीर्वाद. माझी आठवण आणि काळजी दोन्ही तुझ्याकडेच आहेत.

धाकटा


शिक्षक-खोली
२९ जानेवारी

चि. फूटपट्टीस,
ताईचे अ. आ.

हे पत्र बसून वाच. आणि आधी एकट्याने वाच.

मी वर्गाला तुझ्या दोन्ही पत्रांतल्या नोंदी दिल्या आणि घरचा अभ्यास म्हणून विचारलं की यात प्रतीक कुठलं ते शोधा. मला वाटलं, छत्री म्हणतील, फार तर काठी. काल मॉनिटर वही घेऊन उभी राहिली. तिने सगळ्या नोंदींच्या ओळी मोजल्या होत्या. मार्ग बारा, एक ओळ. मार्ग तीन, एक ओळ. मार्ग पाच, एक ओळ. मार्ग सात, पाच ओळी. पुन्हा मार्ग सात, सहा ओळी. मग तिने फळ्यावरचा माझाच नियम मला म्हणून दाखवला, की लिहिणारा जिथे वाजवीपेक्षा जास्त रेंगाळतो तिथे शोधा.

त्यावर पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की झाकण म्हणजे सुरक्षितता. लंबू मागून ओरडला की अरे झाकण राहू दे, झाकण कुणी आणलं ते बघ! माणूस रजिस्टरमध्ये ऊन लिहितो म्हणजे काय! मग मोज्याची पाळी आली. एकीने दाखवून दिलं की त्या नोंदीत मोज्याबद्दल एक ओळ आहे आणि हाताबद्दल पाच, मोजा बोटांना दोन पेरं लांब होतो हेसुद्धा. दुसरीने सहीखालच्या रेघेचा महिना दाखवला. नोव्हेंबरपासून रेघ आहे हे ज्याला माहीत, त्याने ऑक्टोबरच्या सह्याही बघितल्या आहेत, असं तिचं म्हणणं.

मी विषय बदलायचा प्रयत्न केला, शपथ. पण वर्गाने हात वर करून मत घेतलं. चाळीस विरुद्ध शून्य. तुझं त्या बाईंवर मन बसलं आहे.

मी तुझी सख्खी बहीण, दहा वर्षं तुझी पत्रं वाचते आहे, आणि मला हे नववी ‘ब’ने सांगावं लागलं! आता खरं काय ते लिही.

काळजी करू नकोस, आणि माझ्यावर रुसू तर मुळीच नकोस.

ताई


खिडकी, डेपो
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी एकट्याने वाच, ही तुझी सूचना मी वाचली, पण मोठ्याने वाचली, कारण आईला काही गाळायचं नाही असं तूच बजावलं होतंस. आणि मी ओळ वाचताना पुढच्या ओळीकडे बघत नाही, ती माझी जुनी सवय. त्यामुळे चाळीस विरुद्ध शून्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं. आईने हातातलं काम खाली ठेवलं. विचारलं, उंची किती. मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, मोजा तिच्या बोटांना दोन पेरं लांब होतो ते माहीत, आणि उंची माहीत नाही? मी पाणी प्यायला उठलो.

आता शांतपणे खुलासा करतो. सात नंबरच्या नोंदी लांब आहेत, कारण तो मार्गच लांब आहे. दुसरं म्हणजे वस्तू समोर आणून दिली की जास्त दिसते. पेटीतली वस्तू पेटीतच दिसते. उन्हाचं म्हणशील तर माझी खिडकी पश्चिमेची आहे आणि सात नंबर चार वाजता परत येते. त्यात माझा दोष नाही, सूर्याचा आहे. सहीखालची रेघ कुणाच्याही लक्षात आली असती. साहेबांना विचारलं, त्यांच्या आली नव्हती, पण साहेबांची नजर आताशा अधू झाली आहे.

ताई, एक कळकळीची विनंती आहे. एकवीस तारखेला सात नंबर घेऊ नकोस. त्या बाई कष्टाळू आहेत, चार माणसांत वावरतात. त्यांच्याबद्दल चाळीस मुलांनी हात वर केले हे त्यांच्या कानावर गेलं तर मी खिडकीत कुठल्या तोंडाने बसू? तुझी जागा राहावी म्हणून मी जुनी पाच वर्षांची रजिस्टरं उतरवून देईन. पण समितीपुढे छत्री घे. छत्रीला कुणी नाही.

उत्तर लगेच पाठव. तोवर जेवण गोड लागणार नाही.

तुझा,
धाकटा


शिक्षक-खोली
१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

वचन दिलं. सात नंबरच्या नोंदी वर्गातून काढून घेतल्या, माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या. समितीपुढे छत्रीच. आता जेव.

पण तुला खरं सांगते, छत्रीने माझी झोप उडवली आहे. आठवडाभर तालीम घेतली. पहिल्या दिवशी मुलं छान बोलली. काडी एकच मोडली आहे, म्हणजे माणूस ती तशीच वापरत होता, दुरुस्त करायला फुरसत नसेल किंवा हौस नसेल, असं काय काय. मी खूश झाले आणि तीच उत्तरं नीट मांडून द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वहीत उतरवली. तिसऱ्या दिवशी पाठ केली. काल मी विचारलं, छत्री म्हणजे काय, तर चाळीस तोंडांनी एका सुरात सांगितलं की छत्री हे माणसाच्या मोडक्या आधाराचे प्रतीक आहे. लंबूसुद्धा! लंबूने आधार हा शब्द वापरला! नवं गाइड मीच छापलं की रे.

मुख्याध्यापकांनी सकाळी सहज म्हणून विचारलं की जूननंतर काय ठरवलंय. सहज कुणी असं विचारतं का? मी हसून वेळ मारून नेली आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. घरी परत आले तर माझी खोली रिकामी असेल ना? की तिथे तू रजिस्टरं ठेवली आहेस?

हे आईला वाचू नकोस. या एका वेळी गाळ.

ताई


खिडकी, डेपो
१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गाळलं. तुझी खोली रिकामी आहे, पण ती रिकामीच राहो.

माझ्यामुळे तुझा पाठ अडला, हे मनाला लागून राहिलं आहे. पाच वर्षांची रजिस्टरं उतरवून देतो म्हणालो होतो, पण उतरवायला बसलो तर प्रत्येक पानावर मला मुलांचे वर केलेले हात दिसतात. म्हणून या आठवड्यातल्याच देतो. मी वागण्यात सुधारणा केली आहे. आता सगळ्या मार्गांना एकच ओळ.

टोपी, सुती, पांढरी. मार्ग नऊ, पुढचं बाक.
कंगवा, लाल, दोन दात तुटलेले. मार्ग पाच, मधलं बाक.
छत्रीची मूठ, लाकडी, काळी, छत्री नाही. मार्ग बारा, मागचं बाक.
रुमाल. मार्ग सात.

हे पत्र वर्गात वाचायला माझी हरकत नाही. समितीपुढे वाचलंस तरी चालेल. यात काहीच नाही.

एकवीस तारखेला सकाळी अकरा वाजता मी तुझी आठवण काढीन. त्या वेळी गाड्या कमी असतात.

तुझा,
धाकटा


शिक्षक-खोली
२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे खूप खूप आ.

आधी बातमी. मी कायम झाले. आदेश आज सकाळी हातात मिळाला, शिक्का, सही, सगळं आहे. आईला हे वाक्य दोनदा वाच. आता कसं झालं ते.

तिघे जण आले. अध्यक्ष एक वयस्क बाई, डोळे मिटून ऐकणाऱ्या. मी छत्री सुरू केली. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, पहिल्या बाकाला विचारलं, छत्री म्हणजे काय. पहिल्या बाकाने सांगितलं. मग चौथ्या बाकाला विचारलं. त्याने तेच शब्द सांगितले. मग लंबूला. लंबूने मोडक्या आधाराचं म्हणून टाकलं आणि बिचारा स्वतःच लाजला. बाई उठल्या, स्वतःच्या हाताने फळा पुसला आणि मला म्हणाल्या की या मुलांनी कधी न पाहिलेलं काहीतरी द्या. पर्समध्ये सकाळी जिन्यात घाईने वाचलेलं तुझं पत्र होतं. यात काहीच नाही, हे तुझं वाक्य आठवलं. परवानगी तू दिलेली होतीस. उभ्या उभ्या चार ओळी इंग्रजीत केल्या आणि फळ्यावर लिहिल्या.

मॉनिटरने ओळी मोजल्या, सगळ्या एकेकच. ती हिरमुसून बसली. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. मला वाटलं, संपलं.

मग लंबू उठला. म्हणाला, रुमालाला रंग नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, मग? तो म्हणाला की बाई, हा माणूस कंगव्याचे दात मोजतो. मुठीसोबत छत्री नाही, हेसुद्धा लिहितो. आणि रुमालाचा रंग लिहीत नाही? त्याला दिसलाच असणार. त्याला सगळं दिसतं. बाकही लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलंय आणि इथेच हात आवरलाय, म्हणजे तो इथेच रेंगाळलाय, फक्त या वेळी गुपचूप. अध्यक्षबाई पुढे सरकून बसल्या. वर्गाला कंठ फुटला. कुणी म्हणालं तो लपवतोय, कुणी म्हणालं घाबरलाय. पुरावा काय म्हटलं की फळ्याकडे बोट. गाइडातला एक शब्द नाही.

आणि मग तिसऱ्या बाकावरची ती मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात हजेरीपुरताच ऐकला आहे, हात वर करून उभी राहिली. म्हणाली की नोंद वाचून कंडक्टर खाली सही करतात, असं तुम्ही सांगितलं होतं ना? म्हणजे त्या लांब नोंदी त्या बाई रोज वाचत होत्या. मग आता एवढंच वाचून त्यांना काय वाटलं असेल?

अध्यक्षबाईंनी तो प्रश्न आपल्या वहीत लिहून घेतला. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की असा वर्ग त्यांनी फार वर्षांत पाहिला नाही. मग दारातून वळून विचारलं की तो रुमाल कुठल्या रंगाचा होता. मी म्हटलं, मला माहीत नाही.

रागावलास का रे? वचन मोडलं नाही मी, पण मोडल्यासारखं वाटतं. रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
ताई


खिडकी, डेपो
३ मार्च

ती. ताईस, कायम शिक्षिकेस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

बातमी आईला चार वेळा वाचून दाखवली, मग पहारेकऱ्याला, मग साहेबांना. साहेबांनी सगळ्या डेपोला चहा पाजला. आईला पाहुणे कोण होते तेही सांगून टाकलं. ती म्हणाली की तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, शाळेत कधी कुणी जेवायला येतं का, आमच्या समाधानासाठी तिने आचाऱ्याचं लिहिलं. म्हणजे आपण दोघे तिला फसवत होतो आणि ती आपल्याला.

मी रागावलो नाही. तू विचारण्याआधीच परवानगी मी दिली होती. यात काहीच नाही असं मी लिहून दिलं, ते खरं ठरलं नाही, त्याला वर्ग काय करणार.

पण त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि मी रजिस्टर उघडून बसलो. ज्या दिवशी रुमालाची नोंद केली, त्या दिवशी बाईंनी ती वाचली होती. मग पान उलटून मागे पाहिलं होतं, पुढे काही आहे का म्हणून. मग सही केली. मी तेव्हा खाली बघत होतो, पण पान उलटल्याचा आवाज ऐकला होता. सहीखाली रेघ नाही. त्यानंतर दोन आठवडे सात नंबरच्या वस्तू फाटकावरच्या पेटीत येत होत्या. मी समजत होतो की त्यांना घाई असेल. ताई, मी रोज दुसऱ्यांच्या विसरलेल्या वस्तू सांभाळतो आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

काल चारला गाडी लागली तेव्हा खिडकी बंद करून मी थेट फलाटावर गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. त्यांना सांगितलं की दुसऱ्या गावी चाळीस मुलांचा एक वर्ग आहे, त्यांनी माझ्या नोंदी वाचून पुराव्यासह एक मत बनवलं आहे, ते मत आपल्यासंबंधी आहे, आपली परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून कळवणं मी माझं काम समजतो. त्यांनी विचारलं, मत काय. कागदावर पुढचं वाक्य लिहिलेलं होतं, पण मला ते वाचता येईना. त्या म्हणाल्या, गाडीत माणसं बसली आहेत, लवकर सांगा.

तेव्हा मी म्हणालो की रुमाल हिरवा होता.

आणि मग मला थांबता आलं नाही. फिकट हिरवा, मूळचा गडद असावा, धुऊन धुऊन फिकट झालेला. कडेला पांढऱ्या दोऱ्याचा टाका, एका कोपऱ्यात सुटलेला. तो आपण घडी मोडून पाहिलात, पुन्हा पहिल्याच घड्यांवर घातलात. त्या दिवशी आपला आवाज बसला होता, तिकिटं देताना ओरडून बसला असावा, हा तर्क आहे. सगळं गाडीच्या दारात, सगळ्यांसमोर. एका प्रवाशाने आतून विचारलं की रुमाल यांचा आहे का. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं की हे लिहिलं का नाही. मी म्हणालो, भीती वाटली. त्या म्हणाल्या, मग आता लिहा. मी म्हणालो, सही झालेल्या नोंदीत भर घालता येत नाही, घातलीच तर वस्तू जमा करणाऱ्याला पुन्हा येऊन सही करावी लागते.

त्या पायरीवर चढल्या, घंटीची दोरी धरली आणि म्हणाल्या की नियम त्यांना ठाऊक आहे. सात नंबर काल चार मिनिटं उशिरा सुटली.

नोंद लिहून ठेवली आहे. नऊ ओळी झाल्या. साहेबांनी पाहिलं आणि रजिस्टर परत माझ्याकडे सरकवलं. त्या उद्या दुपारी चारला सहीला येणार आहेत, तसा निरोप पहारेकऱ्याकडे ठेवला आहे. खाली जागा सोडली आहे, रेघेपुरतीही.

नववी ‘ब’ला माझा नमस्कार सांग, त्या मुलीला वेगळा सांग. पण यातलं अक्षर त्यांना उद्या चारपर्यंत वाचून दाखवू नकोस. पत्र पोचेपर्यंत चार वाजून गेलेले असतील हे मला कळतं, तरी लिहितो.

आईचा आशीर्वाद, आणि तुझ्यावरचा माझा जीव, कायमचा.

तुझा,
धाकटा